हॅल त्रे म्हणजे अडीच

डेन्मार्कमधल्या ज्या पाळणाघरात मी काम करते, तिथला फोन मी पहिल्यांदा एकटीने उचलला, तो २०२२ चा नोव्हेंबर महिना. पलीकडे एका दोन वर्षांच्या मुलीची आई बोलत होती. तिचं डॅनिश बोलणं मला अथपासून इतिपर्यंत कळलं, याचाच मला केवढा आनंद झाला होता! लेकीला आज लवकर न्यायचंय, डॉक्टरांची वेळ घेतली आहे, 'हॅल फीर'ला येते. मी फळ्यावर मुलीच्या नावापुढे लिहिलं: ४.३०. हॅल म्हणजे अर्धा, फीर म्हणजे चार. म्हणून साडेचार.

आई साडेतीनला दारात उभी राहिली.

मुलगी तेव्हा अंगणातल्या चिखलात बसली होती. अंगात फ्ल्यूवरद्राक्त, म्हणजे मानेपासून घोट्यापर्यंतचा थंडीचा एकसंध पोशाख. शब्दाचा मूळ अर्थ 'वैमानिकाचा पोशाख', आणि इथलं प्रत्येक मूल हिवाळाभर त्यातच वावरतं. तो ओला पोशाख काढा, बूट काढा, लंगोट बदला, कोरडे कपडे चढवा. दोघी बाहेर पडेपर्यंत डॉक्टरांची वेळ टळून गेली होती. फळ्याकडे नजर जाताच काय घडलं ते आईला कळलं. ती चिडली नाही. 'प्यूत मे दे,' म्हणाली आणि लेकीला कडेवर घेऊन गेली. 'प्यूत' म्हणजे आपलं 'जाऊ दे'. २०१८ साली ग्रंथालयांनी घेतलेल्या कौलात डॅनिश लोकांनी हाच आपला सर्वांत आवडता शब्द म्हणून निवडला होता. पाळणाघरात ठोकळ्यांचा मनोरा कोसळला की आम्ही मुलांना हेच म्हणतो. त्या दिवशी मात्र मला स्वतःला 'जाऊ दे' म्हणता आलं नाही. एका आजारी मुलीची वेळ माझ्यामुळे चुकली होती.

घरी जाताना बसमध्ये मी तो एकच शब्द घोळवत होते. हॅल फीर म्हणजे चार आणि वर अर्धा नव्हे. तिसरा तास पुरा झाला, चौथा अर्धा झाला, तो क्षण हॅल फीर. म्हणजे साडेतीन. मग हॅल त्रे म्हणजे अडीच आणि हॅल तो म्हणजे दीड. आणि तिथे एकदम माझ्या लक्षात आलं की डॅनिश वेळेसाठी माझ्या भाषेत एकेक अख्खा शब्द तयार आहे, आणि मी तो सोडून दुसरीकडून वळसा घालत होते.

नवऱ्याच्या पवनचक्क्यांच्या कामामुळे आम्ही ऑगस्ट २०२१ मध्ये आरहूसला आलो. डेन्मार्कमधलं हे दुसऱ्या क्रमांकाचं शहर. आल्या आल्या मी दोन हजार क्रोनर अनामत भरून भाषाशाळेत नाव घातलं. वर्गात सगळेच आपापल्या देशांतून आलेले, त्यामुळे शब्दांचे अर्थ इंग्रजीत सांगायचे, इंग्रजीत लिहून घ्यायचे असं आपोआप ठरून गेलं. माझ्या पहिल्या वहीत डावीकडे डॅनिश, उजवीकडे इंग्रजी. वर्षभरात तीन वह्या भरल्या. पण कोणी काही बोललं की मी आधी इंग्रजीत जायची, तिथून मराठीत यायची, उत्तर मराठीत सुचायचं आणि परत त्याच वाटेने माघारी. तेवढ्या वेळात समोरचा माणूस माझी अडचण ओळखून इंग्रजी सुरू करायचा. इथले लोक ते मदत म्हणून करतात, यात शंका नाही. पण त्या मदतीने माझं डॅनिश खुंटत होतं.

त्या बसमधल्या संध्याकाळनंतर मी चौथी वही घेतली. उजवीकडे फक्त मराठी.

सुरुवात घड्याळापासून केली, कारण चूक तिथेच झाली होती. क्वार्त ओवर त्रे, सव्वातीन. क्वार्त इ त्रे, पावणेतीन. दोन पंचवीसला डॅनिश माणूस म्हणतो, 'हॅल त्रे'ला पाच कमी. आपण घरात तसंच म्हणतो की, अडीचला पाच कमी! शिवाय हॅलॅनन नावाचा एक शब्द आहे. अर्थ दीड. दीड तास, दीड लिटर, दीड वर्ष, सगळीकडे चालतो. एवढ्या लहानशा मापासाठी स्वतंत्र शब्द असणारी भाषा भेटली, याचं मला फार अप्रूप वाटलं.

मग आकडे. डॅनिश शिकणारा प्रत्येक जण इथे अडतो. वीस, तीस, चाळीसपर्यंत ठीक चालतं, पन्नासला गाडी थांबते. पन्नास म्हणजे हॅल्त्रेस, साठ त्रेस, सत्तर हॅलफ्येर्स, ऐंशी फीर्स, नव्वद हॅलफेम्स. स्वीडिश आणि नॉर्वेजियनमध्ये पन्नासला पाचाशी नातं सांगणारा साधा शब्द आहे, डॅनिशमध्ये पाचाचा मागमूस नाही. वर्गात आम्हाला हे शब्द पाठ करायला सांगितले होते, आणि मी ते पाठ केले होते, पण ऐन वेळी हॅलफ्येर्स आणि हॅलफेम्स यांची अदलाबदल व्हायची.

एका रविवारी बाबांशी फोनवर बोलताना मी हे गाऱ्हाणं सांगितलं. बाबा तासगावच्या बाजूच्या एका प्राथमिक शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झाले. मी त्यांना शिक्षिकेने दिलेली फोड वाचून दाखवली. हॅल्त्रेस हा जुन्या लांबलचक शब्दाचा उरलेला तुकडा आहे. मूळ शब्द हॅल्त्रेदये-सिने-त्यूव. हॅल्त्रेदये म्हणजे 'अर्धा तिसरा', सिने म्हणजे पट, त्यूव म्हणजे वीस. अर्धा तिसरा, म्हणजे दोन पुरे आणि तिसरा निम्मा.

बाबा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अगं, अडीच हा शब्द तसाच तर झालाय. अर्धतृतीय. संस्कृतात अर्धतृतीय, प्राकृतातून घासत घासत अडीच. तुझ्या त्या लोकांनी पन्नासला अडीच विसा म्हटलंय, दुसरं काय?"

माझी आजी शेणी विसांनी मोजायची. दोन विसा नि पाच, तीन विसा नि दहा. ते मी लहानपणी कानांनी ऐकलेलं. मी बाबांना विचारलं, मग सत्तर? हॅलफ्येर्स म्हणजे अर्धा चौथा गुणिले वीस. बाबांनी एका दमात सांगितलं, "वीस औट सत्तर." औट म्हणजे साडेतीन, मूळ अर्धचतुर्थ. त्यांच्या वेळी शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे म्हणून घेत. आमच्या पिढीला औट हा शब्द फक्त 'औट हात देह' एवढ्यापुरता माहीत, तोही कीर्तनात ऐकला असेल तर. आणि इथे, कॅटेगॅट समुद्राच्या काठावर, किराणा दुकानातली मुलगी दिवसभर औट विसा, औट विसा म्हणत पैसे घेत असते.

त्या फोननंतर डॅनिश आकड्यांनी मला फसवलं नाही. अडीच विसा, तीन विसा, औट विसा, चार विसा, साडेचार विसा. आजही हॅलफेम्स ऐकलं की साडेचार विसा असं मनात उमटतं आणि नव्वद लिहिलं जातं. पूर्ण लांब रूपही मेलेलं नाही. पन्नासावा वाढदिवस म्हणायचा झाला तर आजही ते विसाची शेपटी लावूनच म्हणावं लागतं.

दुसरा फायदा एकक-दशकाचा. डॅनिशमध्ये सत्तावन्न म्हणजे स्यूवोहॅल्त्रेस, सात-आणि-पन्नास. इंग्रजीतून जाणाऱ्याला आकडा उलटा करावा लागतो. आपल्याकडे सात आधीच पुढे आहे. एकवीस, बावीस, त्रेपन्न, सत्तावन्न, सगळीकडे एकक आधी. इथले फोन नंबर आठ आकडी, आणि ते जोड्यांनी सांगतात: चोवीस, सत्तावन्न, त्र्याण्णव, अडुसष्ट. मी आता मराठीत ऐकते आणि लिहिते. मात्र एक ठिकाण जपायचं. आपण एकोणसाठ, एकोणऐंशी म्हणतो, पुढच्या दशकातून एक वजा करतो. डॅनिश माणूस सरळ नऊ-आणि-पन्नास, नऊ-आणि-सत्तर म्हणतो. तेवढ्या आकड्यांपुरती मराठी बाजूला ठेवायची.

नात्यांचे शब्द तर वर्गात शिकवले त्याच दिवशी पाठ झाले. आईची आई मोर्मोर, वडिलांची आई फार्मोर. मामा मोर्ब्रोर, काका फार्ब्रोर, आत्या फास्तर, मावशी मोस्तर. माझ्या शेजारी बसणारा वर्गमित्र म्हणत होता की एवढे वेगळे शब्द कशाला, एक अंकल-आँट पुरे नाही का? मला ते शब्द वाचून घरी आल्यासारखं झालं होतं. मोस्तर म्हणजे मोर अधिक सोस्तर, आईची बहीण. मावशीसुद्धा मातृष्वसा, मातेची स्वसा. सोस्तर आणि स्वसा एकाच मुळाचे. पाळणाघरात एखादं मूल दुपारी दारात 'मोस्तर!' म्हणून धावतं, तेव्हा मला माझी मिरजेची मावशी आठवते.

पाळणाघर हा शब्दसुद्धा घ्या. दीड-दोन वर्षांच्या मुलांसाठी जी संस्था असते तिला इथे वुगेस्तुए म्हणतात. वुगे म्हणजे पाळणा, स्तुए म्हणजे खोली. तीन वर्षांनंतर मूल जातं बॉर्नेहेवेत, 'मुलांची बाग'. आपली बालवाडी. वाडी म्हणजे बागच. डॅनिश भाषा असे शब्द जोडून जोडून नवे शब्द करते, आणि जोडाचे दोन्ही तुकडे एकदा ओळखीचे झाले की एका शब्दातून दहा कळतात. दातांचा वैद्य, आजाऱ्यांचं घर, थंड कपाट: दंतवैद्य, रुग्णालय, फ्रीज. पण डबा उघडण्यापूर्वी जोडाकडे नीट बघावं लागतं, हे मी स्वयंपाकघरात शिकले.

आल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. बरोबर आणलेलं जिरं संपलं. दुकानात मसाल्यांच्या फळीवर 'कॉमन' लिहिलेली बाटली होती, आत जिऱ्यासारखेच दाणे, नावही इंग्रजी नावाच्या जवळचं. आणली आणि वरणाला फोडणी दिली. पहिल्याच घासाला कळलं. तो दाणा कॅरवेचा, आपल्या शहाजिऱ्याशी नातं सांगणारा, उग्र वासाचा. डॅनिश लोक तो चीजमध्ये आणि पावात घालतात. आपलं जिरं म्हणजे स्पिसकॉमन, टोकदार कॉमन. पुढचा 'स्पिस' महत्त्वाचा. नवीन आलेल्या प्रत्येक मराठी घराला मी हा शब्द सर्वांत आधी सांगते. हळद गुर्केमाये. कांदा लॉय, आणि लसूण वीदलॉय, म्हणजे पांढरा कांदा. तो आणून वर पांढरा कांदा शोधत बसू नये. दुधाच्या कपाटात सोद्मेल्क दिसेल, शब्दशः गोड दूध. त्यात साखर नसते, आंबवलेलं नाही एवढंच ते सांगतं. ते साडेतीन टक्के स्निग्धांशाचं पूर्ण दूध, विरजणाला उत्तम. लेत्मेल्क दीड टक्क्याचं, त्याचं दही पातळ होतं. आणि केर्नेमेल्क म्हणजे घुसळलेलं दूध, ताक. कढीसाठी मी तेच वापरते. उन्हाळ्यात डॅनिश लोक त्यात अंडं, साखर, लिंबू आणि व्हॅनिला घालून गार गोड पदार्थ करतात, त्यावर लहान कुरकुरीत बिस्किटं टाकतात.

'ताक' हा आवाज मात्र डॅनिशमध्ये दुसऱ्याच कामाला लागला आहे. ताक म्हणजे आभार, आणि तो शब्द दिवसातून शंभरदा लागतो. मला सर्वांत आवडतो तो जेवणानंतरचा: 'ताक फॉर मॅद', जेवणाबद्दल आभार. ताटावरून उठताना लहान मुलंसुद्धा म्हणतात, आणि वाढणारी व्यक्ती उत्तर देते, 'वेलबेकॉमे', अंगी लागो. आमच्या घरी आजोबा आचवून आले की 'अन्नदाता सुखी भव' म्हणायचे. पाळणाघरात सोळा मुलं एका सुरात 'ताक फॉर मॅद' म्हणतात तेव्हा मला त्यांचा आवाज ऐकू येतो. दुसरा एक उपयोग आपल्याकडे नाही: 'ताक फॉर सिस्त', मागच्या वेळेबद्दल आभार. कुणाच्या घरी जेवून आलात आणि पंधरा दिवसांनी तो माणूस रस्त्यात भेटला, तर पहिलं वाक्य हे. मी ते आता मराठी मैत्रिणींनाही म्हणते.

उच्चारांची मेहनत मात्र वेगळी करावी लागली, तिथे मराठीचा अर्धाच उपयोग झाला. लिहिलेलं डॅनिश आणि बोललेलं डॅनिश यांत इतकं अंतर की मी वहीत शब्द देवनागरीत, कानाला जसा आला तसा लिहू लागले. देवनागरीला न जमणारे स्वरही आहेत. जीभ 'ई'च्या जागी ठेवून ओठ 'ऊ'सारखे केले की त्यांचा 'y' अक्षराचा स्वर निघतो. जीभ 'ए'ला आणि ओठ 'ओ'ला ठेवले की 'ओ'मध्ये तिरकी रेघ असलेला स्वर. हा एकटा स्वरच एक पूर्ण शब्द आहे, अर्थ 'बेट'. मग मऊ द. 'मॅद'मधला द मला महिनोन्महिने ल ऐकू यायचा. जिभेचं टोक खालच्या दातांमागे टेकवायचं, तिथेच राहू द्यायचं आणि जिभेचा मधला भाग थोडा उचलायचा. आरशासमोर रोज पाच मिनिटं, असं दोन महिने केल्यावर तो द माझ्या तोंडात बसला. आणि घशातला अडसर: आवाज क्षणभर घशात थांबवायचा. बॉनर असं सरळ म्हटलं तर घेवड्याच्या बिया, आवाज अडवून म्हटलं तर शेतकरी.

पण सगळ्यांत जास्त फरक पडला तो अगदी बारक्या शब्दांनी. त्यांचा अर्थ कोशात मिळतो, वापर मिळत नाही. डॅनिशमध्ये विनंतीसाठी इंग्रजी 'प्लीज'सारखा एकच ठरलेला शब्द नाही. मी सहकाऱ्यांना 'तू दार लावू शकतेस?' असं व्याकरणशुद्ध विचारायची आणि समोरच्या चेहऱ्यावर काहीतरी खटकल्यासारखं दिसायचं. एकीने एक दिवस चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मध्ये 'ली' घाल." लिहिताना तो शब्द मोठा असतो, बोलताना नुसता 'ली'. कॅन दु ली येल्पे मा? जरा मदत करतेस? 'ली' म्हणजे आपला 'जरा'. तो घातला की तेच वाक्य मऊ होतं. तसाच 'यो'. कोणी नकारार्थी विचारलं, 'तू येणार नाहीस?' आणि तुम्ही येणार असाल, तर उत्तर 'यो'. येणार की! आणि वाक्यात हळूच आला की त्याचा अर्थ 'तुलाही ठाऊकच आहे ना'. दे राइनर यो: पाऊस पडतोय ना! इंग्रजीतून मला हे शब्द कधीच कळले नसते. मराठीत 'की', 'ना', 'बरं', 'जरा', 'हं' यांच्यावरच आपलं सगळं आपुलकीचं बोलणं चालतं. त्यांच्या जागी ते बसवले आणि लोक माझ्याशी इंग्रजीत बोलायचे थांबले. खरंच थांबले. मोठमोठे शब्द पाठ करून जे झालं नव्हतं ते 'ली' आणि 'यो'ने झालं.

बाकीचं भराभर सांगते. सुट्ट्या इथे तारखांनी नव्हे, आठवड्याच्या क्रमांकाने बोलतात. सातवा आठवडा हिवाळी सुट्टीचा, बेचाळिसावा शरदातल्या सुट्टीचा, ज्याला पूर्वी बटाट्याची सुट्टी म्हणत, कारण मुलं बटाटे काढायला शेतात जात. तेव्हा दिनदर्शिका घेताना आठवड्यांचे क्रमांक असलेलीच घ्यावी. दिवस-रात्र मिळून चोवीस तासांना त्यांचा एक शब्द आहे, डॉइन, आपलं अहोरात्र. औषधाच्या चिठ्ठीवर तो येतो, म्हणून लक्षात ठेवावा. येणारा परवा आणि गेलेला परवा यांना मात्र त्यांच्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, तिथे मी अजून क्षणभर थांबते. २०२४ च्या उन्हाळ्यात मी तिसऱ्या पातळीची डॅनिश परीक्षा दिली. तोंडी परीक्षेत विषय मिळाला होता लहान मुलांचं पालनपोषण. दोन वर्षं पाळणाघरात काढलेली असल्यामुळे बोलायला तोटा नव्हता. बारापैकी सात गुण मिळाले, मला समाधान आहे.

२०२५ च्या जुलैमध्ये बाबा महिनाभर आमच्याकडे आले. रोज सकाळी आम्ही दोघं नदीकाठाने चालत जायचो आणि येताना कोपऱ्यावरच्या बेकरीतून पाव घ्यायचो. चौथ्या-पाचव्या दिवशी बाबा म्हणाले, आज पैसे मी देतो. मी बाजूला उभी राहिले. काउंटरमागच्या मुलीने पावाची पिशवी पुढे केली आणि म्हणाली, "हॅलफ्येर्स क्रोनर."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. डोळे बारीक करून ओठातल्या ओठात "औट विसा" म्हणाले, खिशातून नाणी काढून तळहातावर पसरली आणि काउंटरवर एकेक मांडली. वीस, वीस, वीस, आणि शेवटी दहाचं अर्धं.

"ताक," मुलगी म्हणाली.

"ताक," बाबा म्हणाले.